पिस्तूल उघडते कसे, चाप सुटतो कसा

पिस्तूल दिसले की लोक विचारतात, गोळी किती लांब जाते? आम्ही आर्मोरर आधी ते उघडते कसे हे बघतो आणि मग चाप बोटाला कसा लागतो ते. माझी नोकरी केंद्रीय दलाच्या शस्त्रागारात, आमच्या बोलण्यात कोतात, गेली. निवृत्तीनंतर भिलाईच्या वैशाली नगरात घर केले. इतकी हत्यारे हाताखालून गेल्यावर माझे मत पक्के झाले आहे. पिस्तूल किती सेकंदांत उघडते आणि चाप किती हलका आहे, यावरून त्याची पारख होत नाही. उघडताना ते थकलेल्या माणसाला चुकायला किती जागा ठेवते आणि चाप दर वेळी नेमका त्याच ठिकाणी सुटतो का, हे बघावे लागते.

आमची पिढी ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनलेल्या ९ मिमी १ए पिस्तुलावर शिकली. ते ब्राउनिंग हाय-पॉवरचे भारतीय रूप. मूळ पिस्तूल १९३५ चे. त्याच्या पाठीमागे घोडा असतो. तो चढलाय की उतरलाय, हे अंधारात अंगठ्यालाही कळते. उघडायचे तर स्लाइड मागे ओढून सेफ्टीच्या खिट्टीने अडकवायची आणि स्लाइड-स्टॉपची पिन उजवीकडून दाबून डावीकडे काढायची. चापाला बोट लावावे लागत नाही.

स्ट्रायकरच्या पिस्तुलात हा घोडाच नाही. स्लाइडच्या पोटातल्या पोकळीत स्प्रिंग लावलेला स्ट्रायकर ताणून धरलेला असतो आणि चाप त्याला सोडतो. कल्पना जुनी आहे. जर्मन लुगर याच जातीचे, आणि १९१४ साली सारायेव्होत आर्चड्यूक फर्डिनांड यांच्यावर ज्यातून गोळ्या झाडल्या ते एफएन १९१० सुद्धा. पण पोलीस आणि फौजांमध्ये ही रचना रुजली ती गास्टन ग्लॉक यांच्या पिस्तुलामुळे. ऑस्ट्रियाच्या सैन्याने ते १९८२ मध्ये स्वीकारले.

ग्लॉक सफाईसाठी चार भागांत सुटते: स्लाइड, बॅरल, रिकॉइल स्प्रिंग आणि फ्रेम. अवजार लागत नाही. नवा जवान एका तासिकेत शिकतो. पण आधी चाप दाबून स्ट्रायकर सोडावा लागतो, कारण चापाच्या दांडीने त्याचा कान धरलेला असेपर्यंत स्लाइड पुढे निघत नाही. मग स्लाइड किंचित मागे घेऊन दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या खाली ओढायच्या. माझा जीव अडकतो तो या चाप दाबण्यात. ड्यूटीवरून आलेल्या माणसाने आधी स्लाइड ओढली आणि मॅगझिन नंतर काढले, तर एक काडतूस बाहेर पडते आणि दुसरे आत चढते. त्याला वाटते हत्यार रिकामे झाले. क्रम उलटा झाला एवढेच, पण पुढची पायरी चाप दाबण्याची आहे. म्हणून आधी मॅगझिन, मग स्लाइड, मग चेंबर डोळ्यांनी बघणे आणि बोटानेही चाचपणे, आणि या सगळ्यात तोंड वाळूच्या गोण्यांकडे, हा क्रम मी कधीही सैल होऊ दिला नाही.

नंतरच्या कारखान्यांनी ही अडचण ओळखली. स्मिथ अँड वेसनच्या २००५ च्या एम अँड पी मध्ये आतली छोटी पट्टी खाली केली की चाप न दाबता स्लाइड निघते. सिग पी३२०, हेकलर अँड कॉखचे व्हीपी९ आणि ग्वाल्हेरजवळ मालनपूरला पीएलआर सिस्टिम्समध्ये बनणारे मसादा यांत स्लाइड मागे अडकवून बाजूची खिट्टी फिरवायची. स्लाइड मागे असली की चेंबर उघडेच दिसते. माणूस बघायला विसरला तरी रचना त्याला दाखवते. दोन-चार सेकंद जास्त लागले तर लागू द्यावेत.

आता चाप. ग्लॉकचा स्ट्रायकर अर्धवट ताणलेला असतो. उरलेला ताण बोटाला द्यावा लागतो. म्हणून पहिला दाब लांब, पुढची भिंत, म्हणजे सुटण्याआधी बोटाला लागणारा अडथळा, थोडी दबकी, आणि सुटणे मऊ. वॉल्थर पीपीक्यूचा स्ट्रायकर जवळजवळ पूर्ण ताणलेला. बोटाने फक्त अडसर सरकवायचा. गंमत म्हणजे कारखान्यांच्या आकड्यांनुसार दोन्ही चापांचे वजन अडीच किलोच्या आसपासच आहे. तरी पीपीक्यू हातात घेणारा म्हणतो, हा हलका! गोळी सुटल्यावर त्याचा चाप जेमतेम अडीच मिलिमीटर पुढे आला की पुन्हा तयार होतो. बोटाला जाणवते ते वजन नसून प्रवास, भिंत आणि परत येणे.

हलक्या चापाची ओढ खेळातून येते. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या जकार्ता-पालेम्बांग आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकले, त्या प्रकारात चापाला किमान एक किलो वजन लागते. तिथे ठरलेली रेंज, ठरलेली वेळ आणि एकाग्र मन असते. गेटवरच्या जवानाची नाडी धावत असते, हाताला घाम असतो. त्याला एक किलोचा चाप देणे मी धोक्याचे मानतो. पूर्ण ताणलेल्या स्ट्रायकरला आतले अडसरही तितकेच भक्कम लागतात. पी३२० ला अमेरिकी सैन्याने २०१७ च्या जानेवारीत निवडले. त्याच वर्षी, ठराविक कोनात पडल्यास त्यातून गोळी सुटू शकते हे उघड झाल्यावर, ऑगस्टमध्ये कंपनीला नागरी पिस्तुलांसाठी दुरुस्ती जाहीर करावी लागली. दुरुस्तीत चापच हलक्या वजनाचा केला, म्हणजे पडताना तो स्वतःच्या भाराने मागे जाऊ नये.

भिलाईचा एक धडा कुठल्या पुस्तिकेत नव्हता. पोलाद कारखान्याला दल्ली-राजहऱ्याचे लोहखनिज येते, त्याची लाल बारीक धूळ. तेलात मिसळली की चिकट लगदा होतो. स्ट्रायकरच्या पोकळीत हौसेने तेल सोडले की हा लगदा तिथे बसतो, स्ट्रायकर मंदावतो आणि काडतुसाच्या टोपीवर ठोका हलका पडतो. ती पोकळी कोरडीच ठेवायची. तेल फक्त स्लाइडच्या रुळांवर, बॅरलवर आणि चापाच्या दांडीच्या टोकाशी, तेही थेंबभर.

एकाच माणसाकडे राहणाऱ्या, रोज सरावातल्या पिस्तुलासाठी मी आजही ग्लॉक निवडीन. त्याचा चाप शिकायला वेळ लागतो, पण तो बदलत नाही. पाळी बदलताना अनेक हातांतून जाणाऱ्या कोतातल्या पिस्तुलाला मात्र चाप न दाबता उघडणारीच रचना हवी, आणि खरेदीच्या अटींमध्ये ही अट वजनाच्या आणि किमतीच्या वर लिहिली जावी.