नेव्हाकाठचा भागाकार

जूनमधले रात्रीचे अकरा वाजलेले, आणि सेंट पीटर्सबर्गच्या आभाळात वही वाचता येईल एवढा उजेड! नेव्हा नदीच्या ग्रॅनाइटच्या पायऱ्यांवर बसून मी भागाकार मांडला. भाज्य ४२९४९६७२९७, भाजक ६४१.

याच नदीकाठच्या विज्ञान अकादमीत १७२७ साली गणितज्ञ ऑयलर स्वित्झर्लंडहून आला, अवघ्या वीस वर्षांचा. त्याच्या आधी फ्रान्सच्या फर्मानं एक सुंदर तर्क करून ठेवला होता. दोनाचा १, २, ४, ८ असा दुपटीनं वाढणारा घात घ्यायचा, त्यात एक मिळवायचा, की दर वेळी मूळ संख्याच मिळते. ३, ५, १७, २५७, ६५५३७. पाचही मूळ निघाल्या. सहावी मात्र चार अब्ज एकोणतीस कोटींच्या पुढची. १७२९ मध्ये गणितज्ञ गोल्डबाखनं मॉस्कोहून पत्र लिहून ऑयलरपुढे हा तर्क ठेवला. १७३२ पर्यंत त्याचं उत्तर तयार होतं: सहावीला ६४१ नं भाग जातो.

मी भाग घालू लागलो. ४२९४ मध्ये सहा वेळा, उरले ४४८. वरचा नऊ उतरवला. ४४८९ मध्ये सात वेळा, उरले फक्त दोन. मग भागाकारात दोन शून्यं, पुढे चार, पुढे एक, आणि पुन्हा तेच ४४८ उरले! अंगावर काटा आला. वरून शेवटचा सात उतरला: ४४८७. सहाशे एक्केचाळीस साती नेमके तेवढेच. भागाकार ६७००४१७.

पण एवढ्या संख्यांतून ६४१ च कशी सापडावी? पुढे ऑयलरनंच सिद्ध केलं की या सहाव्या संख्येचा कुठलाही मूळ विभाजक ६४ च्या पटीत एक मिळवून येणाराच असतो. तशा मूळ संख्या ओळीनं घ्या: १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्या दारावर घर सापडतं!

दुसऱ्या दिवशी अलेक्झांडर नेव्हस्की मठाच्या आवारात गेलो. ऑयलरची समाधी १९५६ मध्ये इथे हलवली. दिसेनासं झाल्यावरही ऑयलर थांबला नाही, हे मला सर्वांत मोठं वाटतं. २१४७४८३६४७ ही संख्या मूळ आहे, हे त्यानं १७७२ च्या सुमारास सिद्ध केलं. बत्तीस बिटांच्या संगणकात मावणारी सर्वांत मोठी चिन्हांकित पूर्ण संख्या हीच. तिच्यासाठी कोणते विभाजक तपासायचे हे त्यानं आधी गाळून गाळून ऐंशीच्या घरात आणलं होतं.

त्या समाधीच्या ग्रॅनाइटसमोर मी डोळे मिटले आणि रात्रीचा भागाकार मनातल्या मनात पुन्हा करू लागलो. ४४८९ पर्यंत आलो, दोन उरले. वरून आता सहा उतरवायचा की सात, ते आठवेना. वही उघडावी लागली.