भिंतीपलीकडची सदाफुली

आम्ही तिघी औरंगाबादेतल्या उर्दू शाळांमधल्या शिक्षिका. (२०२३ पासून शहर छत्रपती संभाजीनगर झालं, तोंडात जुनंच नाव येतं.) रविवारी फजरनंतर मोबाइल घेऊन निघतो. हिमायतबागेत फुलांचे फोटो, मग जुनी कब्रस्तानं. आत जात नाही; आमच्याकडे बायकांनी जाण्याची रीत नाही. भिंतीवरून दिसेल तेवढं टिपतो.

मोगल काळातल्या कबरींवर पुरुषासाठी दगडात कलमदान कोरलेलं असतं, बाईसाठी सपाट तख्ती. वर्गात मुलींना आम्ही बजावतो, तख्ती कोरी ठेवू नका. इथे दिसतात त्या कोऱ्याच. फटींतून सदाफुली आलेली. ती कुणी लावलेली नसते, बी पडलं की उगवते.

बीबी का मकबऱ्यात मात्र दिलरास बानू बेगमची (मृत्यू १६५७) कबर सगळेच वरून, संगमरवरी जाळीआडून बघतात. तिथे पुरुषही बाहेरच!

आमच्यातल्या एकीची नानी अशाच भिंतीआड आहे. मय्यत निघाली तेव्हा ही दारापर्यंतच गेली होती. परवा फोटो मोठा करून तिने भावाला विचारलं, "चाफ्याखालची ना?"

"नाही आपा, तिच्या डावीकडची."

ती फोटोत आलेलीच नव्हती. येत्या रविवारी पलीकडच्या गल्लीतून बघणार आहोत.