लेखणीचा प्रतिनिधि

आपल्या घरांतून ‘नकली’ हा शब्द उच्चारला गेला कीं ऐकणाऱ्याच्या कपाळाला आठी पडलीच म्हणून समजावें. साजूक तुपाच्या जागीं वनस्पति तूप, पैठणीच्या जागीं कृत्रिम रेशमाचें पातळ, केशराच्या जागीं नुसता रंग, असे एकेक अनुभव घेऊन गृहिणींनीं या शब्दाची धास्ती घेतली आहे. आणि ती अस्थानीं आहे असें कोण म्हणेल? परंतु त्याच घरांत सकाळीं पूजेला बसलेले गृहस्थ देवाला वस्त्र अर्पण करण्याची वेळ आली कीं खुशाल चार अक्षता वाहतात. अलंकारांच्या जागींहि अक्षताच. तेथें कोणी नकलीचें नांव काढीत नाहीं. एके ठिकाणीं जी लबाडी ठरते तीच अदलाबदल दुसऱ्या ठिकाणीं शास्त्राला मान्य कशी होते, या प्रश्नाचा विचार करण्याचा प्रसंग आमच्या घरांत नुकताच आला; आणि तो देवघरांतून नव्हे, तर लेथच्या खोलींतून आला.

माझ्या धाकट्या भावाच्या मुलाला हातानें झरण्या कातण्याचा नाद आहे. बोटाहून थोडा जाड असा चौकोनी तुकडा घ्यावयाचा, त्याच्या पोटांतून आरपार छिद्र पाडून त्यांत पितळेची नळी चिकटवावयाची, तो लेथवर फिरवीत धारदार हत्यारानें हळूहळू गोल करीत आणावयाचा, उत्तरोत्तर बारीक होत जाणाऱ्या पॉलिशपेपरनें घासावयाचा आणि शेवटीं निब बसवावयाची, असा हा उद्योग आहे. तुकडा कशाचा घ्यावा येथेंच वाद सुरू होतो. शिसवी, सागवान, शिंग आणि एबोनाइट हीं द्रव्यें खानदानी, आणि ॲक्रिलिक, पॉलिएस्टर वगैरे रेझिनें उपरीं, अशी शौकिनांनीं सरळ विभागणी करून टाकलेली असते.

ही विभागणी थोडी खरवडून पाहिली तर मोठी मौज दिसते. जुन्या झरण्यांचे भोक्ते एबोनाइटचें नांव सोंवळ्यांतील वस्तूसारखें घेतात. पण त्या नांवांतच आबनुसाच्या काळ्या लांकडाची, म्हणजे एबनीची, नक्कल कबूल केलेली आहे. चार्ल्स गुडइयर याला रबर व गंधक एकत्र तापविण्याची युक्ति १८३९ सालीं साधली, आणि गंधकाचें प्रमाण पुष्कळ वाढवून रबर शिंगासारखें कठीण करण्याच्या कृतीचें पेटंट त्याचा भाऊ नेल्सन यानें १८५१ सालीं घेतलें. शाई आम्लधर्मी असल्यामुळें धातूला खाई आणि लांकडाला फुगवी. एबोनाइटला मात्र तिची बाधा होत नसे. म्हणून न्यूयॉर्कच्या वॉटरमननें १८८४ सालीं पेटंट घेतलेल्या झरणीपासून पुढें सुमारें चाळीस वर्षें बहुतेक नामांकित झरण्या याच द्रव्याच्या होत गेल्या. त्यालाहि खोड होतीच. उन्हांत राहिल्यास त्याचा काळा रंग उतरून तपकिरी होतो. जपानांत नामिकी यांनीं त्यावर उरुशी नांवाच्या वृक्षरसाचे लेप देऊन हा दोष झांकला, आणि त्या झांकण्यांतूनच सोनेरी चित्रकामाच्या अमोल झरण्या जन्मास आल्या!

सेल्युलॉइडची कथा अशीच आहे. बिलियर्डचे चेंडू हस्तिदंताचे होत असत. त्या हस्तिदंताला पर्याय शोधतां शोधतां अमेरिकेंत हायट बंधूंच्या हातीं १८७० च्या सुमारास हें द्रव्य लागलें. १९२४ सालीं शेफर कंपनीनें त्याच्या झरण्या काढल्या आणि काळ्या एबोनाइटच्या राज्यांत एकदम रंगांची दिवाळी झाली. सेल्युलॉइड चटकन पेट घेतें, आणि त्याला कापराचा वास येतो, कारण त्यांत कापूरच घातलेला असतो. पण या कापरावरून सेल्युलॉइडला नांवें ठेवण्यापूर्वीं आपण आपल्या आरतीकडे पाहावें. आज बाजारांत मिळणारा बहुतेक कापूर कापराच्या झाडाचा नसून टर्पेंटाइनपासून कारखान्यांत केलेला असतो. त्याच काळांत दुधांतील केसीन फॉर्मॅलिनमध्यें मुरवून त्याचें कृत्रिम शिंग करण्याची कलाहि निघाली. त्याच्या झरण्या व गुंड्या दिसावयास फार सुरेख. पण मूळचा दुधाचा स्वभाव जात नाहीं म्हणावें तर तसेंच, पाणी लागलें कीं त्या फुगतात. तात्पर्य, आज ज्यांना आपण परंपरेचीं द्रव्यें म्हणतों त्यांतील निम्मीं कोणे एके काळीं दुसऱ्या कोणाच्या जागेवर बसविलेलीं आहेत. गादीवर शंभर वर्षें बसलेल्या दत्तकाला दत्तक कोण म्हणतो?

हें सारें पुस्तकी ज्ञान मला पूर्वींपासून होतें. त्याची परीक्षा मात्र गेल्या वर्षीं कोंकणांतील आमचें जुनें घर उतरविलें तेव्हां झाली. माजघरांतील फणसाच्या खांबाचा हातभर तुकडा थोरल्या बंधूंनीं, म्हणजे आमच्या अण्णांनीं, आठवण म्हणून बरोबर आणला. त्याच्या चार झरण्या करून चौघां भावांनीं एकेक ठेवावी ही त्यांची इच्छा. परंतु वर्षानुवर्षांची ओल आणि वाळवी यांनीं तें लांकूड आंतून पोखरून टाकलें होतें. पहिलाच तुकडा लेथवर चढवितांच हत्याराच्या स्पर्शासरशी त्याच्या ठिकऱ्या उडाल्या. तेव्हां पुतण्यानें दुसरा मार्ग सुचविला. लांकूड प्रथम भट्टींत अगदी कोरडें करावयाचें, मग पातळ रेझिनांत बुडवून वरून निर्वातयंत्र चालवावयाचें. लांकडाच्या छिद्रांतील हवा बुडबुड्यांच्या रूपानें निघून जाते, यंत्र बंद केल्यावर तिच्या जागीं रेझिन शिरतें, आणि पाणी उकळण्याच्या सुमाराची ऊब दिली कीं आंतल्या आंत घट्ट होऊन बसतें. वाळवीनें कोरलेलीं मोठीं भोंकें रंगीत रेझिनानें भरून काढावयाचीं.

अण्णांनीं साफ नकार दिला. “या खांबाला टेकून आई आम्हांला परवचा म्हणावयास बसवीत असे. त्याच्या नांवाखालीं तूं मला प्लॅस्टिक देणार असलास तर मला तें नको. भुगा झाला तर होऊं दे. मी तो समुद्रांत सोडीन.”

पुतण्या भीत भीत म्हणाला, “अण्णाकाका, खांब आहे तोच आहे. त्यानें उभें राहावें म्हणून आधार दिला, इतकेंच. घर उभें होतें तेव्हांहि त्याच्याखालीं दगडाचा तळखडा होताच ना? तो तरी कुठें फणसाचा होता?”

अण्णा कांहीं बोलले नाहींत. शेवटीं वहिनी आंतून म्हणाल्या, “सासूबाईंनीं शेवटचीं दहा वर्षें कवळी लावली. त्या कवळीनेंच त्या आम्हांला हांका मारीत आणि त्या कवळीनेंच रागावत. म्हणून काय त्या कोणी दुसऱ्या झाल्या होत्या?”

सगळे हंसले, अण्णाहि हंसले. पण वहिनींच्या बोलण्यांत त्यांना स्वतःला ठाऊक नसलेलें एक सत्य होतें. पूर्वीं कवळीचा टाळा एबोनाइटसारख्याच कठीण केलेल्या रबराचा असे. गेल्या शतकाच्या मध्यापासून तो ॲक्रिलिकचा होऊं लागला. १९४१ सालीं निघालेल्या सुप्रसिद्ध पार्कर ५१ झरणीचें अंग याच ॲक्रिलिकचें आहे, आणि ठिसूळ लांकडांत मुरवितात तें रेझिनहि बहुधा त्याच कुळांतलें असतें. खांब आणि आई या दोघांनाहि एकाच द्रव्यानें आधार दिला, असें म्हणावयास हरकत नाहीं.

चार दिवसांनीं अण्णांनीं आपण होऊन विषय काढला. त्यांनीं मीमांसेंतील प्रतिनिधीचा विचार काढून पाहिला होता. यज्ञाला व्रीहि न मिळाले तर नीवार म्हणजे रानांतील तांदूळ घ्यावे, सोमवल्ली न मिळाली तर पूतीक घ्यावा, असें शास्त्र सांगतें. पण त्याला मर्यादा आहेत. प्रतिनिधि मूळ द्रव्याशीं होईल तितका सदृश असावा. जें द्रव्य यज्ञाला वर्ज्यच ठरलें आहे तें कितीहि सारखें दिसलें तरी घेऊं नये. आणि देवता, अग्नि, मंत्र व क्रिया यांना प्रतिनिधि नाहीं. अण्णा म्हणाले, “द्रव्याला प्रतिनिधि चालतो, कर्माला चालत नाहीं. तूं कर झरणी. मात्र डबींत चिठ्ठी घाल: फणसाचें लांकूड इतकें, बाकीचें रेझिन.” झरणी झाली. अण्णा तिनें रोज लिहीत नाहींत. पण ती चिठ्ठी त्यांनीं स्वतःच्या हातानें, तिच्याच निबानें लिहिली आहे.

त्या दिवसापासून नव्या द्रव्यांकडे पाहण्याची मला एक कसोटी मिळाली. हस्तिदंताचें उदाहरण घ्या. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा व त्यांतील पुढील दुरुस्त्या यांमुळें आपल्या देशांत हस्तिदंताचा व्यापार गुन्हा आहे, आणि आंतरराष्ट्रीय व्यापारावरहि १९८९ सालीं बंदीचा ठराव झाला. आतां येथें मूळ द्रव्यच निषिद्ध झालें आहे, आणि सूक्ष्म रेषा उठविलेलें पांढरें रेझिन हाच शुद्ध मार्ग ठरतो. मात्र तेंच रेझिन कोणी आजोबांच्या वेळचा हस्तिदंत म्हणून विकूं लागला तर तो प्रतिनिधि राहत नाहीं, ती फसवणूक होते. वनस्पति तुपाचा दोष वनस्पति असण्यांत नाहीं, साजूक म्हणवून घेण्यांत आहे.

क्रियेचेंहि तसेंच. सांच्यांत ओतून क्षणार्धांत बाहेर पडणारी झरणी आणि त्याच जातीच्या द्रव्याच्या कांडीवर कांहीं तास हात चालवून कातलेली झरणी, या दोन निराळ्या वस्तु आहेत. हत्याराची धार बोथटली तर ॲक्रिलिकचे टवके उडतात. फार दाबलें तर तें तापून चिकटूं लागतें. लांकडाइतकीच तेंहि कारागिराची परीक्षा पाहतें. राजमहेंद्रीचे के. व्ही. रत्नम् यांनीं १९३२ च्या सुमारास हातानें स्वदेशी झरण्या करण्यास आरंभ केला. त्यांची झरणी ग्रामोद्योग संघाच्या कुमारप्पांच्या द्वारें गांधीजींकडे आली, आणि १९३५ सालीं वर्ध्याहून पत्र लिहून गांधीजींनीं ती परदेशी झरण्यांच्या जागीं चांगली चालण्यासारखी असल्याचा निर्वाळा दिला. एबोनाइटची विद्या जन्मानें अमेरिकन. पण त्या झरणीला स्वदेशी म्हणण्यांत कोणाला संकोच वाटला नाहीं, कारण ती घडविणारा हात येथला होता.

वाचकांपैकीं अनेकांचीं गांवाकडचीं घरें आज ना उद्यां उतरावीं लागणार आहेत. तुळई, उंबरा, देवघराचा पाट यांतील एखादा तुकडा जरूर राखून ठेवावा, आणि त्याची झरणी, चौकट, जें कांहीं करावयाचें तें करवून घ्यावें. लांकूड कुजकें निघालें तर रेझिनाची लाज धरूं नये. फक्त चिठ्ठी लिहावयास विसरूं नये. कारण आपल्या नातवंडांना आपण वस्तूबरोबर तिची खरी हकीकतहि देणें लागतों.