वाटेकरी वकील

न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेने जो मनुष्य रोज कामावर जातो त्याला आपल्या वॉर्डाच्या नगरसेवकाचे नाव ठाऊक नसेल, पण अपघाताचे दावे चालविणाऱ्या चार-सहा वकिलांच्या मुद्रा मात्र त्याच्या पक्क्या ओळखीच्या झालेल्या असतात. डब्यातल्या फलकांवर, बसगाड्यांच्या पाठीवर आणि आमच्या क्वीन्समध्ये रूझवेल्ट ॲव्हेन्यूवरच्या दुकानांच्या माथ्यावर हे सद्गृहस्थ हाताची घडी घालून उभे असतात आणि तुम्ही कोठे पडलात, कोणी धडक दिली, अशी विचारपूस आप्तेष्टांनाही साधणार नाही इतक्या अगत्याने करीत असतात. सेलिनो आणि बार्न्स या जोडीच्या जाहिरातीची धून तर एके काळी येथील पोराटोरांच्या ओठी होती. पुढे त्या दोघांचाच तंटा कोर्टात गेला तेव्हा कोणी त्याच्यावर नाटक रचले, आणि ते चाललेही. ज्या देशात वकिलाने आपल्या नावाची पाटीसुद्धा माफक आकाराचीच लावावी असा बार कौन्सिलचा दंडक आहे, त्या देशातून आलेल्या माणसाला हा प्रकार प्रथम थट्टेचा वाटतो आणि मग किंचित किळसवाणा. अर्थात येथेही पूर्वी सोवळे होतेच. ॲरिझोनातील दोन तरुण वकिलांनी वर्तमानपत्रात आपल्या फीचा तक्ता छापला, त्यावरून त्यांच्यावर कारवाई झाली आणि 1977 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला. तेथपासून हे दार उघडले ते उघडेच आहे.

या फलकांकडे मी वर्षानुवर्षे निव्वळ करमणूक म्हणून पाहत आलो होतो. गेल्या उन्हाळ्यात माझ्या एका स्नेह्याचे वडील मुलाकडे राहायला म्हणून साताऱ्याहून आले, आणि नॉर्दर्न बुलेव्हार्डवर, चालणाऱ्यांसाठी दिवा लागलेला असताना, डावीकडे वळणाऱ्या एका मोटारीने त्यांना पाडले. उजव्या मनगटाचे हाड मोडले, डोक्याला खोक पडली. प्राणावर बेतले नाही. नाना (आम्ही सर्व त्यांना याच नावाने हाक मारतो) जिल्हा न्यायालयात नाझर होते. कोर्टाची रोकड, जप्त्या, बेलीफांची हजेरी आणि हुकूमनाम्यांची बजावणी यांत ज्याची हयात गेली, अशा मनुष्याला परमुलखात वकील करण्याचा प्रसंग आला, आणि इंग्रजी पत्रे वाचून दाखविण्याचे काम मजकडे आल्यामुळे तो सारा मामला मला जवळून पाहता आला.

दुसऱ्याच दिवशी फोन आला. बोलणारा गृहस्थ गोड हिंदीत नानांना 'अंकल' म्हणत होता. त्याला गाडीचा रंग ठाऊक होता, चौक ठाऊक होता, आणि आपला वकील, आपला डॉक्टर, मालिशचे केंद्र व वर थोडी आगाऊ रोकड अशी सारी तजवीज त्याने करून ठेवली होती. स्नेह्याला वाटले, परक्या मुलखात आपल्याकडचा कोणी तरी भेटला. नानांनी मात्र फोन हातात घेऊन एवढेच विचारले की, "तुम्हांला हा नंबर दिला कोणी?" आणि पलीकडून उत्तर येईना तेव्हा ठेवून दिला. "सिव्हिल हॉस्पिटलच्या फाटकाशी असले दलाल मी वीस-पंचवीस वर्षे पाहिलेत," ते म्हणाले, "फक्त तिथे चहा पाजायचे." न्यूयॉर्कला ही जात नवी नाही. रुग्णवाहिकेच्या मागोमाग धावणाऱ्या वकिलांचा सुळसुळाट इतका झाला होता की 1928 साली न्यायमूर्ती वासरव्होगेल यांच्यापुढे त्याची रीतसर चौकशी झाली. आणि आजही अपघातानंतर सामान्यतः तीस दिवसांच्या आत वकिलाने जखमी माणसाला गिऱ्हाईक करण्यासाठी गाठू नये असा नियम आहे. तेव्हा ज्याचा निरोप आपण होऊन दाराशी येतो तो वकील नियम मोडूनच उंबरठा ओलांडीत असतो, आणि निवड करण्याची पहिली पायरी तेवढ्यावरच पार पडते.

नानांची खरी अडचण निराळी होती. येथे अपघाताच्या दाव्यात वकील आगाऊ फी घेत नाही; वसुली झाली तर तिचा बहुधा एक तृतीयांश हिस्सा घेतो, आणि दावा बुडाला तर त्याच्या श्रमाला शून्य. हे ऐकून नाना अस्वस्थ झाले. वकिलाने अशिलाच्या रकमेत वाटेकरी व्हायचे ही गोष्ट त्यांच्या लेखी जवळजवळ भ्रष्टाचारात जमा होती, आणि त्यांच्या या समजुतीला आधारही थोर आहे. 1954 साली मुंबईच्या एका वकिलाचे प्रकरण आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे आले. त्याने अशिलाशी वसुलीच्या निम्म्या रकमेचा करार केला होता. पूर्वी नागपूर हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश असलेले व्हिव्हियन बोस यांनी निवाडा दिला, तो असा की, असा सौदा इतर कोणी केला तर त्यात नीतीला धक्का बसण्याजोगे काही नाही, पण वकिलाने केला तर ते त्याच्या पेशाला न शोभणारे गैरवर्तन होय. वकील हा न्यायासनाचा सेवक. त्याचे स्वतःचे पैसे दाव्यात गुंतले की त्याची दृष्टी गढूळ होणार, हा त्यातला विचार.

विचार निर्दोष आहे, आणि तरीही इतक्या वर्षांच्या येथील वास्तव्यानंतर मी नानांशी वाद घातला. मोटारीच्या मागे विमा कंपनी असते, तिच्या पदरी पगारी वकील असतात आणि तिला घाई नसते. समोरचा मनुष्य हॉटेलात भांडी घासणारा किंवा टॅक्सी चालविणारा, हात प्लास्टरमध्ये, घरभाडे थकलेले. त्याने तासाला काहीशे डॉलर मोजून वकील करावा म्हणणे म्हणजे त्याने फिर्याद करूच नये असे म्हणणे होय. वाटेकरी वकील नसता तर या शहरातल्या निम्म्या जखमींना कोर्टाची पायरी दिसली नसती. आणि ज्यांच्यापाशी वास्तव्याचे कागद नाहीत अशा मजुरांनाही बुडालेल्या मजुरीची भरपाई मागता येते, हे 2006 साली येथल्या वरिष्ठ न्यायालयाने मान्य केले तेही कोणा हिस्सेवाल्या वकिलाने चिकाटी धरली म्हणूनच. परंतु बोस यांना दिसलेला धोकाही काल्पनिक नाही. ज्याला हिस्साच मिळायचा आहे त्याला तीन वर्षे झगडून मिळणाऱ्या मोठ्या रकमेपेक्षा तीन महिन्यांत मिळणारी लहान रक्कम पुष्कळदा परवडते. अशिलाला मात्र मनगट एकच असते. वाटेकऱ्याशिवाय गत्यंतर नाही, तेव्हा वाटेकरी कसला आहे हे पारखून घ्यावे, एवढ्यावर आमची तडजोड झाली.

मॅनहॅटनमधल्या एका मोठ्या कचेरीत आम्ही प्रथम गेलो. बत्तिसाव्या मजल्यावर नदीचे दर्शन घडविणारी काच, कॉफी आणि एक हसतमुख तरुणी. तिने दहा मिनिटांत पाटीवर बोटाने सही करा म्हणून सांगितले. नानांनी वकीलसाहेब कोणते असे विचारले तेव्हा ते 'प्रकरण हाती आल्यावर नेमले जातील' असे उत्तर मिळाले. मग आपल्याच समाजातले एक वकील पाहिले; व्हिसा, घरखरेदी, घटस्फोट, सर्व काही करणारे, गणपतीला वर्गणी देणारे आणि मनाने उमदे. पुष्कळ खोदून विचारल्यावर त्यांनी सांगितले की अपघाताचा दावा ते स्वतः चालवीत नाहीत, दुसऱ्याकडे सोपवितात आणि त्याच्या हिश्श्यात आपला हिस्सा घेतात. अशिलाला सांगून, लेखी संमती घेऊन असे करणे नियमाला धरून आहे. पण मग सोपविण्याचे काम आपणच का करू नये, असे नानांनी उतरताना जिन्यात विचारले.

जमैकामध्ये, सट्फिन बुलेव्हार्डवरच्या क्वीन्सच्या कोर्टापासून हाकेच्या अंतरावर, एका दुसऱ्या मजल्यावर तिसरी कचेरी होती. तेथील वकील बाईंनी फोन स्वतः उचलला होता. त्यांनी दुखते किती हे विचारलेच नाही. अपघात कोणत्या तारखेला झाला. गाडी खासगी की शहराच्या मालकीची, कारण शहरावर दावा असेल तर नव्वद दिवसांत नोटीस द्यावी लागते. विमा कंपनीकडे द्यावयाचा अर्ज गेला का, कारण त्याला तीस दिवसांचीच मुदत. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाच्या कॅमेऱ्याचे चित्रण मागितले का, कारण ते थोड्याच दिवसांत पुसले जाते. त्यांना तो कोपरा ठाऊक होता. डावीकडे वळणाऱ्यांना हिरवा दिवा आणि चालणाऱ्यांना वाट ही दोन्ही तेथे एकाच वेळी मिळतात, हे त्यांनी नानांच्या आधी सांगितले. स्थानिक वकील करावा असे जे म्हणतात त्याचा अर्थ मला त्या खोलीत उमगला.

मग त्यांनी जे सांगितले ते ऐकून माझा स्नेही हिरमुसला आणि नाना खुलले. या राज्यात 1974 पासून अशी व्यवस्था आहे की दोष कोणाचाही असो, धडक देणाऱ्या गाडीचा विमा पायी चालणाऱ्याचा दवाखान्याचा खर्च पन्नास हजार डॉलरपर्यंत भरतो. त्या रकमेतून आपण काही घेत नाही, तो अर्ज आम्हीच भरून देऊ. वेदनेची भरपाई निराळी, आणि ती मागण्यासाठी इजा कायद्याने 'गंभीर' ठरावी लागते. मुका मार लागून माणूस महिनाभर कण्हत पडला तर ते गंभीर की नाही यावर वर्षभर वाद होतो. हाड मोडले की वाद संपला. "तुमचे हाड मोडले हे तुमच्या दाव्याचे नशीब," असे त्या म्हणाल्या, आणि लगेच, गाडीवाल्याचा विमा किमान रकमेचाच निघाला तर पंचवीस हजारांच्या वर फारसे काही हाती लागणार नाही, फलकांवरचे आकडे विसरा, असेही त्यांनी बजावले.

नानांनी सही त्या दिवशी केली नाही. घरी येऊन त्यांनी मुलाकडून न्यायखात्याच्या वकील-सूचीत बाईंची सनद कोणत्या साली झाली आणि त्यांच्यावर कधी शिस्तभंगाची कारवाई झाली का, हे पाहून घेतले. इतकेच नव्हे तर कोर्टाच्या खुल्या दप्तरात वकिलाच्या नावावरून दावे शोधता येतात हे कळल्यावर त्यांनी दोन रात्री जागून, बाईंचे किती दावे ज्यूरीपर्यंत गेले आणि किती आधीच मिटले याची टिपणी वहीत उतरविली. त्यांच्या मते जो वकील कधीच उभा राहत नाही त्याची तडजोड विमा कंपनी आपल्या भावाने करते. येथल्या दिवाणी दाव्याला सहा जणांची ज्यूरी असते आणि पाचांचे एकमत पुरते, हे कळल्यावर तर त्यांना पुन्हा कोर्टात जावेसे वाटू लागले.

दुसऱ्या भेटीला ते करारपत्राची नक्कल घेऊन गेले. टक्के आधी की खर्च आधी, हा त्यांचा पहिला प्रश्न. समजा नव्वद हजार आले आणि तज्ज्ञ डॉक्टर, दाखले, कोर्टफी यांचा खर्च नऊ हजार झाला. खर्च आधी वजा केला तर वकिलाचे सत्तावीस हजार आणि अशिलाच्या हाती चोपन्न, टक्के आधी काढले तर अशिलाला एक्कावन्न. खर्च आधी वजा होईल असे बाईंनी करारातले कलम दाखविले. हरलो तर खर्च कोणाच्या माथी? आमच्या, असे त्यांनी लिहून दिले. पैसे कोणाच्या खात्यात जमा होणार? अशिलांच्या निराळ्या खात्यात, आणि करार झाल्याची नोंद तीस दिवसांत न्यायखात्याकडे, शेवटी पै-पैचा हिशेबही तेथेच. अशी नोंदवही सरकारदरबारी असते हे ऐकून नानांचा चेहरा उजळला; मला वाटते वकिलापेक्षा त्या नोंदवहीवरच त्यांचा विश्वास बसला.

शेवटी त्यांनी खिशातून कागद काढला. न्यायालयाच्या नियमांत फीचा दुसराही एक तक्ता आहे हे त्यांनी शोधून काढले होते: पहिल्या हजारावर पन्नास टक्के, पुढच्या दोन हजारांवर चाळीस, त्यापुढील बावीस हजारांवर पस्तीस आणि पंचवीस हजारांच्या वर पंचवीस. त्या तक्त्याने एक्क्याऐंशी हजारांवर वकिलाचे तेवीस हजार होतात, म्हणजे अशिलाचे चार हजार वाचतात. बाईंनी आकडेमोड तपासली, बरोबर आहे म्हणाल्या, आणि हा तक्ता पत्करणे न पत्करणे वकिलाकडे असते, इतक्या वर्षांत तो कोणी मागितला नव्हता, आणि आपण तो पत्करणार नाही, असे हसत पण स्वच्छ शब्दांत सांगितले. "नाही म्हणाल्या, बरे झाले," नाना मला मराठीत म्हणाले. "विमा कंपनीलाही अशाच म्हणतील." करारात त्यांच्या नावाचे स्पेलिंग दोन ठिकाणी चुकले होते, ते त्यांनी दुरुस्त करवून घेतले, डाव्या हाताने सही केली आणि पोच मागितली.