पोराच्या हाती कोणतं पुस्तक द्यावं?

आठवी-नववीतली पोरं वाचत नाहीत, असं पारावर रोज ऐकू येतं. पण आपण त्यांच्या हाती देतो काय? गाईड, नाहीतर उपदेश. उपदेश तर घरात फुकट मिळतोच की!

माझं ऐकाल तर पाचवी-सहावीच्या पोराला भा. रा. भागवतांचा 'फास्टर फेणे' द्या. फुरसुंगीचं किडकिडीत पोरगं, संकट दिसलं की सायकल दामटतं. एकदा गोडी लागली की पुढचं सोपं. मग सातवी-आठवीत व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी'. 1955 सालचं पुस्तक, पण त्यातला दुष्काळ अजून आपल्या शिवारात येतोच.

नववी-दहावीला मात्र वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर'. आमच्या भावकीतला एक पोरगा शाळेत वडलांचा धंदा विचारला की 'शेती' म्हणायला लाजायचा. त्याला मी हेच दिलं. गुलामाच्या पोटी जन्मलेला माणूस शिकतो, कापसानं खंगलेल्या जमिनीत भुईमूग लावायला सांगतो, शिकलेलं शेतकऱ्याच्या बांधापर्यंत नेतो. पोरानं चार दिवसांत पुस्तक संपवलं अन् मला विचारलं, "आबा, आपण कापसावर कापूसच का घेतो?"

त्यानं शेतीच करावी, असं माझं म्हणणं नाही. कर, नाहीतर नको करू. पण बापाच्या कामाची लाज घेऊन पोरानं गाव सोडू नये. तुमच्या वाचनालयात ही पुस्तकं नसली, तर मागवायला लावा.