रंध्याचा मोह आणि आडनावाचा प्रश्न

पुण्याच्या भवानी पेठेत टिंबर मार्केटजवळ राहणे म्हणजे खिशाची रोजची परीक्षा. आम्ही चौघे मित्र इथे भाड्याच्या खोलीत राहतो. चौघेही नोकरदार, कुणाच्याही घरात सुतारकी नाही. कामावरून परतायची वाट लाकडाच्या वखारी आणि सुतारी सामानाच्या दुकानांवरून जाते. कापलेल्या सागवानाचा वास आला की पाय आपोआप मंदावतात. दुकानात ६ मिलिमीटरपासून २५ मिलिमीटरपर्यंतच्या पटाश्या ओळीने मांडलेल्या. शेजारी रंधे, गुण्या, करवती, शिकंजे. गरज एका पटाशीची असते, नजर मात्र सगळ्या संचावर जाते.

आमचे काही कार्यकर्ते मित्र चिडवतात, "बाबासाहेबांनी पेन हातात घ्यायला सांगितलं, तुम्ही करवत कसली घेताय?" प्रश्न चेष्टेचा असला तरी रास्त आहे. म्हणून त्याचे उत्तर देणे भाग आहे.

पहिला मुद्दा असा की, आपण हत्यार सोडले नाही. आपल्याला हत्याराजवळ येऊ दिले गेले नाही. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात मजुरी जास्त होती, पण तिथे अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता. कारण काय? धोट्यातून सूत तोंडाने ओढावे लागे आणि अस्पृश्याच्या तोंडाला लागलेला धोटा सवर्ण कामगाराला चालत नसे. १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर रोखठोक मांडला. धोटा तो केवढा! पण वीतभर लाकडावर जात बसली आणि हजारो माणसांची जादा मजुरी खाऊन गेली. पुढे १९४२ मध्ये व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात बाबासाहेबांनी उच्च शिक्षणाच्या शिष्यवृत्त्या मागितल्याच. सोबत सरकारी छापखाने आणि रेल्वे वर्कशॉपमध्ये आपल्या मुलांना तांत्रिक प्रशिक्षण मिळावे, हीही मागणी केली. म्हणजे पेन की पाना, असे भांडण त्यांनी लावलेले नाही. ते आपण लावतो.

जोतिराव फुले यांचेही उदाहरण आहे. आमच्या खोलीपासून फुलेवाडा चालत जाण्याच्या अंतरावर आहे. शाळा काढणाऱ्या जोतिरावांनी १८६३ मध्ये धातूच्या ओतकामाचे साहित्य पुरवण्याचा व्यवसाय सुरू केला होता. ते बांधकामाचे कंत्राटदारही होते. विचार आणि व्यवसाय दोन्ही एकाच माणसाने केले.

दुसरा मुद्दा आमच्या अनुभवाचा. एका दुकानात आम्ही रंध्याचे पाते बघत होतो. शेजारी एक वयस्कर मिस्त्री उभे होते. त्यांनी आपणहून समजावले, पाते २५ अंशांत घासायचे, दगड कोरडा ठेवायचा नाही, बोटाने नव्हे तर कागद कापून धार बघायची. मग विचारले, "आडनाव काय तुमचं?" आम्ही सांगितले. ते म्हणाले, "मग हे कशाला घेताय पोरांनो? तुमच्यात हे काम नसतं."

मिस्त्री दुष्ट नव्हते. दोन मिनिटांपूर्वी तेच आम्हाला शिकवत होते. पण हात कुणाचा आहे हे कळताच त्यांचे शिकवणे थांबले. दुकानदाराने मात्र पैसे मोजून घेतले आणि पाते दिले. बाजाराचा हा स्वभाव लक्षात घ्या. गल्ल्यावर जात विचारत नाहीत, कसब द्यायची वेळ आली की विचारतात. हत्यार विकत मिळते, कसब राखीव असते. जात म्हणजे केवळ श्रमाची विभागणी नव्हे, ती श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिनिर्मूलन'मध्ये मांडले. त्याचा अर्थ आम्हाला त्या दिवशी भर दुकानात कळला.

आणि हा केवळ एका मिस्त्रींचा प्रश्न नाही. १७ सप्टेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने पीएम विश्वकर्मा योजना सुरू केली. १८ व्यवसाय, त्यात सुतारकीही आहे. अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतची मदत आहे, प्रशिक्षण आहे, स्वस्त कर्ज आहे. कारागिराला मदत मिळालीच पाहिजे, त्याला आमचा विरोध नाही. पण योजनेची भाषा आहे कुटुंबाच्या पारंपरिक व्यवसायाची. बापाचे काम मुलाने करावे, यालाच तर आपण इतकी वर्षे विरोध करत आलो! तमिळनाडू सरकारने २०२४ मध्ये याच अटीवर बोट ठेवून ही योजना आहे तशी राबवायला नकार दिला. सुताराच्या मुलीला वकील व्हायचे असेल आणि आमच्या वस्तीतल्या मुलीला सुतार व्हायचे असेल, तर दोघींनाही वाट मोकळी हवी.

इथे एक सावधगिरी हवी. हाताच्या कामाचे गोडवे गाणारे लोक बहुधा ते काम स्वतः करत नाहीत. आम्हाला त्या रांगेत बसायचे नाही. यंत्र माणसाला जनावरासारख्या राबण्यातून सोडवते आणि फुरसत देते, ही बाबासाहेबांची गांधीवादावरच्या टीकेतली भूमिका आम्हाला मान्य आहे. म्हणून ड्रिल मशीन परवडत असेल तर गिरमिट फिरवत बसू नका. हातकाम पवित्र नाही. ते निवडण्याचा आणि सोडण्याचा अधिकार महत्त्वाचा.

आता मोहाचे काय करायचे? भिंतीवर चकचकीत हत्यारे टांगून ठेवली तर तो केवळ सवर्ण मध्यमवर्गाच्या हौसेची नक्कल होईल. म्हणून आम्ही एक नियम केला आहे. आधीच्या हत्याराने कुणाच्या तरी उपयोगाची वस्तू तयार झाल्याशिवाय नवे हत्यार घ्यायचे नाही. या नियमातून वस्तीतल्या विहाराच्या वाचनालयाला १८ मिलिमीटर प्लायवुडचे दोन रॅक मिळाले. अभ्यासिकेतल्या मुलांना बैठी डेस्क मिळाली. हत्यारे चौघांची सामाईक पेटीत आहेत. ती पेटी विहारातच असते, नेणाऱ्याचे नाव वहीत लिहिले जाते. रविवारी ज्याला शिकायचे त्याने यावे. तिथे आडनाव विचारत नाहीत. धार कशी लावायची ते आधी शिकवतात.

प्रत्येक वस्तीत जयंतीची वर्गणी जमते. ती जमावीच. पण त्यातला डीजेचा खर्च थोडा कमी केला तर अशी एक पेटी उभी राहते. पुस्तकांच्या कपाटाशेजारी ती ठेवा. मुलांनी कपाटातले पुस्तक वाचावे आणि कपाट मोडले तर ते दुरुस्तही करावे. हत्याराचा मोह वाईट नाही. तो एकट्याच्या खोलीत कुलूपबंद होऊ नये, एवढीच दक्षता घ्यायची आहे.

जय भीम!