लाल पेन्सिल आणि लर्चर

अठरा वर्षे मराठी शिकवल्यामुळे मला एक खोड जडली आहे. समोर अक्षर दिसले, की माझा हात खिशातल्या लाल पेन्सिलीकडे जातो. लग्नपत्रिका, किराणा दुकानाची पाटी, दुधाचे बिल, काहीही माझ्या तडाख्यातून सुटत नाही. एकदा तर भाचीच्या साखरपुड्याची पत्रिका मी दुरुस्त करून तिच्या सासरच्यांच्या हाती परत दिली होती. त्या रात्री आमच्या सौभाग्यवती जे बोलल्या, ते व्याकरणदृष्ट्या अगदी निर्दोष होते.

ही खोड गावापुरती राहिली असती तर चालले असते. पण दोन वर्षांपूर्वी ती साता समुद्रापलीकडे गेली. माझा धाकटा भाऊ इंग्लंडात लिंकनशर परगण्यात डॉक्टर आहे. पाडव्याच्या दिवशी सगळे घर फोनच्या पडद्याभोवती जमले होते. पुतण्या तेव्हा आठ वर्षांचा. तो तिकडून मोठ्या उत्साहाने ओरडला, "काका, मी स्विमिंग करला आणि मला मेडल भेटला!"

मी म्हणालो, "करला नव्हे, केले. आणि भेटतात ती माणसे, वस्तू मिळते."

इकडे सगळे हसले. मीही हसलो. पोराचा चेहरा पडद्यावरून नाहीसा झाला. त्यानंतर दर फोनला त्याचे एकच भाषण: "हाय काका, बाय काका." मेडल कसले होते, हे मी विचारलेच नव्हते.

गेल्या मे महिन्यात आम्ही दोघे भावाकडे तीन आठवडे राहायला गेलो. पुतण्या माझ्याशी अदबीने वागे, चहाचा कप आणून देई, पण बोले इंग्रजीत. स्वयंपाकघरात आईशी आणि काकूशी त्याचे मराठी ऐकू येई. मी आत गेलो, की ते थांबे. वर्गात शिक्षक आल्यावर पोरे गप्प होतात, तसे. इतकी वर्षे मला त्या शांततेचा अभिमान वाटत आला होता!

मग मी बागेत जाऊन बसू लागलो. कुंपणापलीकडे एक सत्तरी उलटलेले गृहस्थ राहात. जन्मभर शेतावर ट्रॅक्टर चालवलेला माणूस. त्यांच्या पायाशी एक राखी रंगाचा कुत्रा पडलेला असे. बरगड्या मोजून घ्याव्यात असा हडकुळा, लांब पाय, अंगावर विस्कटलेले राठ केस, आणि चेहरा मात्र एखाद्या विचारवंताचा. मी सहज विचारले, "याची जात कोणती?"

"जात?" म्हातारबुवा हसले. "याला जात नाही, प्रोफेसर. हा लर्चर आहे."

मी प्रोफेसर नाही, लेक्चरर आहे, असे मी सांगून पाहिले. (खोड, दुसरे काय!) त्यांनी तिकडे दुर्लक्ष केले आणि मला लर्चरची पाककृती सांगितली.

ग्रेहाउंड हा कुत्र्यांतला बाण. ताशी साठ-पासष्ट किलोमीटर पळतो. पण चार-पाचशे मीटरांत त्याचा दम सरतो. कातडी इतकी पातळ, की काटेरी तारेला घासली तर टरकन फाटते. आणि एकदा नजर सावजावर गेली, की धन्याची हाक त्याला ऐकूच येत नाही. उलट मेंढपाळाचा कोली: शिट्टीच्या एका सुरावर उजवीकडे, दुसऱ्यावर डावीकडे, पण पळण्यात ग्रेहाउंडच्या पासंगालाही न पुरणारा. या दोघांची पिल्ले म्हणजे लर्चर. कोणी कोलीऐवजी बेडलिंग्टन टेरियर घालतात. त्याने अंगावर राठ केस येतात आणि छातीत धीर येतो. या पहिल्या मिश्रणाचा वेग कमी पडला, तर ती मादी पुन्हा ग्रेहाउंडला दाखवतात. दम हवा असेल तर सालुकी, थोराड अंग हवे असेल तर डियरहाउंड. दोन्हीकडून नुसते पळणारेच रक्त आले, तर त्याला म्हणतात लाँगडॉग. शेजाऱ्यांच्या कुत्र्याची आई कोली-ग्रेहाउंड, बाप सालुकी-ग्रेहाउंड. तो रॅबिट पकडी, न चावता हातात आणून देई आणि मेंढ्यांच्या कळपातून मान खाली घालून सभ्यपणे जाई.

"लर्चर म्हणजे खरे तर दबा धरून बसणारा, चोरटा," ते म्हणाले. "भटक्यांचा आणि चोरून शिकार करणाऱ्यांचा कुत्रा. केनेल क्लबाच्या वहीत याचे नाव नाही. पण गरिबाच्या घरी रात्रीचे भांडे यानेच भरले."

मला माझी आजी आठवली. १९६४ साली सीएसएच-१ ही संकरित ज्वारी आली. दाणे भरपूर, पण आजीच्या जिभेला ती कधी रुचली नाही. तेव्हापासून बेचव भाजी, आगाऊ मूल आणि टिकाऊ नसलेली चप्पल या सर्वांना आजी एकच शब्द वापरी: 'हायब्रीड'. आपल्याकडे 'संकर' म्हटले, की अर्जुनाला रणांगणावर घाम फुटला होता. आजीचे काय घेऊन बसलात!

मी जरा ऐटीत म्हणालो, "आमच्याकडे मात्र अस्सल जात आहे. कारवानी." आमच्या आजोळी, लातूरकडे, धनगरांजवळ हे कुत्रे असत. तसेच हडकुळे, तसेच लांब पायांचे. केसाळ असला तर त्याला पश्मी म्हणत. मी फोनवर एक चित्र शोधून दाखवले. म्हातारबुवांनी चष्मा लावून ते बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "हा तर सालुकीचा भाऊबंद. तुमच्याकडे कुठून आला?"

उत्तर माझ्याच तोंडात होते. कारवान म्हणजे तांडा. पश्म म्हणजे लोकर. दोन्ही शब्द फारसी. व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर हे कुत्रे आले, असे आमच्याकडे मानतातच. मी अस्सल म्हणून मिरवीत होतो त्या कुत्र्याच्या नावातच परक्या मुलखाची धूळ होती, आणि ही गोष्ट मराठीच्या मास्तराला एका ट्रॅक्टरवाल्याने आठवून द्यावी लागली.

पुढच्या रविवारी ते आम्हाला फिरायला घेऊन निघाले. ओळखीच्या शेतकऱ्याने त्याच्या रानात रॅबिट धरायला त्यांना परवानगी दिली होती. पुतण्याच्या हातात कुत्र्याचा पट्टा होता. लिंकनशर म्हणजे सपाट मुलूख. टाकळीच्या माळासारखी नजर थेट आभाळाला टेकते. बांधाजवळ पट्टा सोडला. तोच पुढच्या गवतातून काहीतरी उसळले. मी ओरडलो, "ससा! ससा!"

कुत्रा सुटला. पळाला म्हणणे अपुरे आहे. जमीनच त्याच्या खालून मागे ओढली गेली. आणि तेवढ्यात म्हातारबुवांनी एक लांब शीळ घातली. कुत्र्याचे पाय अजून पुढे झेपावत होते. पण कान मागे वळले होते. दोन झेपांत तो वळला, धापा टाकत परत आला आणि खजील होऊन धन्याच्या पायाशी बसला. पाय ग्रेहाउंडचे होते, कान कोलीचे.

"का थांबवला?" मी विचारले.

उत्तर पुतण्याने दिले. मराठीत. "काका, तो रॅबिट नाही, तो हेअर होता! हेअरला चेज करायचा नाही, तो क्राइम आहे! पण बघितलास? तो स्टॉप झाला! आणि हेअर एस्केप करला!"

त्याचे म्हणणे खरे होते. २००४ साली तिकडे कायदा झाला, आणि फेब्रुवारी २००५ पासून इंग्लंड-वेल्समध्ये कुत्र्यांकडून हेअरची शिकार करणे गुन्हा ठरले. मालकाच्या परवानगीने रॅबिट मात्र धरता येतो. बिळात राहतो तो रॅबिट, उघड्या रानात राहतो तो हेअर. आपल्या माळावरचा ससा हा हेअर आणि पिंजऱ्यातला पांढरा तो रॅबिट. मराठीला दोन्ही ससेच. म्हणजे ज्या एका भेदावर तिथे माणूस कोर्टात उभा राहतो, त्याला माझ्या भाषेत शब्द नव्हता, आणि माझ्या पुतण्याजवळ होता.

त्याच्या वाक्यात चार चुका होत्या. हात सवयीने खिशाकडे गेला. मग मला ती शीळ आठवली. मी म्हणालो, "हो रे, बघितलं. हेअर वाचला बिचारा." आणि थोडे चालल्यावर विचारले, "ते मेडल कसलं होतं रे?"

"बॅकस्ट्रोकचा," तो म्हणाला. "सेकंड आला होता मी." आणि घर येईपर्यंत तो बोलत होता.

निघण्याच्या आदल्या दिवशी मी शेजाऱ्यांना म्हटले, "तुमचे पटले. मिश्रणच खरे."

ते गंभीर झाले. "तसे नाही, प्रोफेसर. पहिल्या मिश्रणाची पिल्ले बरीचशी सारखी निघतात. पण लर्चरला लर्चरच लावीत गेलात, तर पुढे काय निघेल याचा भरवसा नाही. कधी कोलीचा वेग आणि ग्रेहाउंडची अक्कल! म्हणून कोणीतरी ग्रेहाउंड ग्रेहाउंडच राखावा लागतो आणि कोली कोलीच. ते संपले, तर लर्चर कशातून करणार?"

विमानात मला माधव जूलियन आठवत राहिले. १९२५ साली फार्शी-मराठी कोश रचणारा आणि १९३८ साली 'भाषाशुद्धि-विवेक' लिहिणारा माणूस एकच. ही विसंगती मी वर्गात दर वर्षी गमतीने सांगत असे. आता ती विसंगती वाटत नाही. राखणारे हात आणि मिसळू देणारे मन एकाच माणसापाशी असायला हरकत नाही. माझे काम राखण्याचे आहे. वर्गात मी ते सोडणार नाही. फक्त शीळ कधी घालायची, हे मला शिकायला हवे होते.

परवा पुतण्याचे पत्र आले. देवनागरीत, त्याच्या हाताने. "प्रीय काका, तूला दिवाळीचा शुभेच्छा. डॉगला पपीज होनार नाही कारन तो बॉय आहे." मी ते दोनदा वाचले आणि उत्तर लिहायला बसलो.

"किती मार्क दिलेत?" सौभाग्यवतींनी आतून विचारले.

पेन्सिल कुठे ठेवली होती, ते मला खरोखरच आठवत नव्हते.